अंतर फूटपट्टीने मोजावे की घड्याळाने?

दोन ठिकाणांमधील अंतर काढायचे असले म्हणजे आपण नकाशावर फूटपट्टी ठेवतो आणि आलेल्या लांबीला नकाशाच्या प्रमाणाने गुणतो. भूमितीच्या दृष्टीने हे उत्तर अचूक असते. परंतु पायी शाळेत जाणाऱ्या मुलाला त्याचा फारसा उपयोग नसतो. त्याच्या वाटेत रेल्वेचे रूळ असतात, नदी असते, भरधाव वाहनांचा हमरस्ता असतो. फूटपट्टी हे सारे ओलांडून जाते. मुलाला तसे करता येत नाही.

तुकड्यांचे शहर

पिंपरी-चिंचवडचा नकाशा समोर घ्या. १८५८ साली पुणे-खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि या भागातून लोहमार्गाची रेघ ओढली गेली. त्या रेघेला जवळजवळ समांतर असा जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. पवना नदी शहरामधून वाहते, तर उत्तरेकडून इंद्रायणी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९७२ मध्ये आखीव वस्तीसाठी नवनगर विकास प्राधिकरण आले आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पसरली.

भोसरी, आकुर्डी, निगडी, थेरगाव ही मुळातली निरनिराळी गावे. प्रत्येक गाव आपल्या जागी वाढत गेले आणि त्यांच्यामधले दुवे मुख्यत्वे मोटारींसाठी रुंद करण्यात आले. त्यामुळे समोर दिसणारी वस्तीही पायी जाणाऱ्याला दूर पडू लागली.

वळशाचा हिशेब

समजा, घर रुळांच्या एका बाजूस आणि शाळा दुसऱ्या बाजूस आहे. सरळ अंतर ४०० मीटर. परंतु रूळ ओलांडण्याची जागा १ किलोमीटर पुढे आहे. मुलाला १ किलोमीटर जावे लागेल, पलीकडे जाऊन तितकेच मागे यावे लागेल. एकूण वाट सुमारे २,४०० मीटर होईल. चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरला, तर ५ मिनिटांच्या जागी २९ मिनिटे लागतील.

प्रत्यक्ष वाट भागिले सरळ अंतर या गुणोत्तराला आपण ‘वळसा-गुणांक’ म्हणू. वरील उदाहरणात तो ६ आहे. आता चौकटीसारख्या आखलेल्या वस्तीचा विचार करा. पूर्वेला ३०० मीटर आणि उत्तरेला ४०० मीटर जायचे असेल, तर वाट ७०० मीटर होते आणि पायथागोरसच्या सिद्धांताने सरळ अंतर ५०० मीटर येते. म्हणजे गुणांक १.४. अशा वस्तीत तो २ च्या वर्गमुळापेक्षा, म्हणजे सुमारे १.४१ पेक्षा, कधीच मोठा होत नाही. याचा अर्थ असा की, खरा वळसा गल्ल्यांच्या आखणीमुळे पडत नाही; एक दुवा नसल्यामुळे पडतो.

१५ मिनिटांचे वर्तुळ

घर केंद्र मानून १५ मिनिटांत कुठवर पोचता येते ते पाहू. पायी १.२५ किलोमीटर जाता येते. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर ३.७५ किलोमीटर. त्रिज्या तिप्पट झाली. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ते नऊपट होते! पायी सुमारे ४.९ चौरस किलोमीटर, तर सायकलीवर सुमारे ४४. तेवढ्या क्षेत्रातील शाळा, ग्रंथालय, दवाखाना, २०२२ साली सुरू झालेल्या मेट्रोचे स्थानक हे सारे त्या मुलाच्या आवाक्यात येते.

मात्र घराशेजारूनच ओलांडता न येणारा रस्ता जात असेल, तर जवळजवळ अर्धे वर्तुळ नाहीसे होते. तेथे एक सुरक्षित दुवा दिला की ते परत मिळते. दुव्याची लांबी ३० मीटरच असेल, पण त्याचे मोल चौरस किलोमीटरमध्ये मोजावे लागते.

पूल बांधला, तरी लोक वरून का जात नाहीत?

रस्त्यावरच्या पादचारी पुलासाठी ६ मीटर चढावे लागते असे धरू. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाची स्थितिज ऊर्जा ६० × ९.८ × ६, म्हणजे सुमारे ३,५०० जूल वाढते. स्नायूंची कार्यक्षमता सुमारे २५ टक्केच असल्यामुळे शरीराला १४,००० जूल खर्चावे लागतात. सपाटीवर चालताना त्याच माणसाला दर मीटरला सुमारे २०० जूल लागतात. म्हणजे नुसता जिना चढणे हे ७० मीटर चालण्याइतके झाले. उतरणे आणि जिन्यापर्यंतचा वळसा निराळाच. खालून रस्ता मात्र अवघा ३० मीटर! पूल न वापरणाऱ्यांना बेशिस्त ठरवण्यापूर्वी हे गणित मांडून पाहावे. शिवाय गुडघे दुखणारी आजी आणि चाकांच्या खुर्चीतील मुलगा यांच्यासाठी जिना हा दुवाच नव्हे.

सायकलीचेही तसेच आहे. सायकलस्वारासह वस्तुमान ८० किलोग्रॅम धरले, तर सपाट डांबरी रस्त्यावर चाकांचा लोटण-विरोध सुमारे ५ न्यूटन असतो. २० मीटरला १ मीटर अशा चढावर गुरुत्वाकर्षणाचा आणखी ३९ न्यूटन विरोध येतो. जवळजवळ आठपट! म्हणून जेथे शक्य आहे तेथे रस्ता समपातळीवरच ओलांडता यावा. रेल्वेच्या बाबतीत तसे करता येत नाही. तेथे भुयारी मार्ग अनेकदा सोयीचा पडतो, कारण विजेच्या तारांवरून जाण्यापेक्षा रुळांखालून जाताना उंचीतील फरक कमी असतो. मात्र पावसाचे पाणी आणि अंधार यांची व्यवस्था हवी.

ब्रेक दाबण्याआधी

समपातळीवर ओलांडणे सुरक्षित कसे होईल? याचे उत्तर वेगात आहे. संकट दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला सुमारे १ सेकंद लागतो. ब्रेक लागल्यावर वाहनाचा वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होतो असे धरू.

ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात ८.३ मीटर आणि ब्रेकनंतर ५ मीटर जाते. एकूण सुमारे १३ मीटर. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आधी १३.९ आणि मग १३.८ मीटर जाते. एकूण सुमारे २८ मीटर. आता नीट पाहा. जेथे पहिली मोटार पूर्ण थांबलेली असते, तेथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो! १४ मीटरवर एखादे मूल रस्त्यात आले, तर एका बाबतीत ते घाबरते आणि घरी जाते. दुसऱ्या बाबतीत जवळजवळ पूर्ण वेगाची धडक बसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ३० च्या मानाने सुमारे २.८ पट असते.

म्हणून अरुंद केलेला गाडीमार्ग, उंचवटा देऊन केलेली ओलांडणी आणि दुभाजकावर थांबायला जागा यांना शोभेच्या गोष्टी समजू नये. त्या वेग कमी करणारी साधने आहेत. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते. समोरासमोर आलेल्या दोन चाकांच्या खुर्च्या तेवढ्यात निघून जाऊ शकतात.

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने निगडी-प्राधिकरण परिसरात ‘हरित सेतू’ या नावाचा उपक्रम हाती घेतला आहे. घरे, शाळा, बागा, बाजार आणि सार्वजनिक वाहनांचे थांबे पायवाटांनी व सायकलमार्गांनी जोडावेत हा त्याचा हेतू आहे. अशा कामाचे यश किती किलोमीटर मार्ग बांधला यावरून ठरवू नये. वळसा-गुणांक किती उतरला आणि किती मुले एकटी शाळेत जाऊ लागली, हे पाहावे.

करून पाहा

वर्गातील प्रत्येकाने आपले घर आणि शाळा नकाशावर दाखवून सरळ अंतर मोजावे. मग नेहमीच्या वाटेने पावले मोजत जावे. १० पावलांची लांबी आधी टेपने मोजून सरासरी काढावी. वळसा-गुणांक काढा आणि लागलेली मिनिटे घड्याळावर पाहा. ज्यांचा गुणांक २ पेक्षा जास्त आला, त्यांच्या वाटेत नेमके कोणते अडथळे आहेत ते नकाशावर लाल खुणेने दाखवा. पुष्कळ खुणा एकाच जागी पडल्या, तर दुवा कोठे हवा हे वर्गाने शोधून काढले असे समजा. शिक्षकांनी तो नकाशा प्रभाग कार्यालयाकडे अवश्य पाठवावा.