सुईविना यकृताची परीक्षा

यकृतास वर्षानुवर्षे इजा होत राहिली, मग ती ‘ब’ वा ‘क’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूंमुळे असो, मद्यामुळे असो वा साठलेल्या चरबीमुळे, तर त्यात तंतुमय वण साचत जातात. त्यांची अखेरची पायरी म्हणजे सिऱ्होसिस. यकृत दुखत मात्र नाही. पोटात पाणी साठल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर रोगी रुग्णालयात येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

हे वण जोखण्याचा भरवशाचा मार्ग दीर्घकाळ एकच होता: बरगड्यांमधून सुई घालून यकृताचा कण काढणे व तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. त्यात रक्तस्रावाचा धोका थोडा का होईना असतोच. शिवाय तो कण अवघ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा हिस्सा असतो, आणि वण सर्वत्र सारखे पसरत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा येथे फसू शकते.

एम. आर. आय. म्हणजे चुंबकीय अनुनाद चित्रण. त्याच्या साध्या चित्रात आरंभीचे वण नीट दिसत नाहीत. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे रिचर्ड एहमन व त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली ऊतींचा कठीणपणा याच यंत्राने मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ती यकृतासाठी वापरात आली. कल्पना तशी जुनीच. पोट चाचपून कठीण यकृत ओळखण्याची कला वैद्यांना पूर्वापार अवगत आहे. येथे बोटांचे काम लहरी करतात. उजव्या बरगड्यांवर ठेवलेली चकती सेकंदास साठ वेळा कंप पावते. तिच्या लहरी मऊ यकृतातून सावकाश, तर कठीण यकृतातून वेगाने जातात. यंत्र त्यांचे चित्र घेते व त्यावरून यकृताच्या मोठ्या भागाचा कठीणपणा किलोपास्कलमध्ये काढला जातो. निरोगी यकृतात तो साधारणतः अडीचच्या आत असतो. पाचाच्या वर गेल्यास सिऱ्होसिसचा दाट संशय येतो. रोग्यास काही सेकंद श्वास रोखावा लागतो, इतकेच.

मूळ कारण दूर झाल्यास आरंभीचे वण विरू शकतात. उपचाराचा गुण येतो की नाही, हे पाहण्यास परीक्षा पुनःपुन्हा करावी लागते. सुई वारंवार टोचणे कोणास मानवेल?

तपासणीपूर्वी काही तास उपाशी राहावे लागते, कारण जेवणानंतर आकडा फुगतो. तीव्र सुजेनेही तो वाढतो. थॅलॅसेमियाच्या रोग्यांप्रमाणे यकृतात लोह फार साठले असल्यास चित्र उमटतच नाही. खर्चही बराच येतो. रोगाचे कारणच उमगत नसेल, तेव्हा सुईचा आधार आजही घ्यावा लागतो.