गोचिडाचा ताप घरच्यांना लागतो का?

प्रश्न : गळीत हंगामात ऊसतोड्यांचे बैल दारातच असतात. गोचिडाचा ताप एकाला आला, तर घरच्यांना लागतो का? – एक वाचक, सोमेश्वरनगर

उत्तर : गोचिडामुळे होणारा काँगो ताप लागू शकतो; रुग्णाचं रक्त, उलटी यांच्या थेट संपर्कातून. जानेवारी २०११मध्ये गुजरातमधल्या साणंदजवळच्या कोलाट गावची एक महिला या तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं. सिंधुदुर्गातला माकडतापही गोचिडामुळेच होतो, पण तो माणसाकडून माणसाला होत नाही.

बैलाच्या कानातले गोचीड नखांनी चिरडू नका. हातमोजे घालून चिमट्याने काढा. तापात हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा आणि गुरांशी आलेला संबंध डॉक्टरांना आधी सांगा. रक्ताळलेले कपडे उघड्या हातांनी धुऊ नका.