घरातील जुन्या अशरफ्या : पारख आणि जपणूक

आमचा धंदा कापडाचा. सोन्याचांदीच्या व्यवहारात आम्ही पडत नाही. तरीही या पानावर जुन्या सोन्याच्या नाण्यांविषयी लिहीत आहोत, कारण या बाबतीत आमच्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि तशी चूक आपल्या कुणा बांधवाच्या घरात होऊ नये, अशी आमची इच्छा आहे.

सन २००५ मध्ये आमच्या वालिदांचे निधन झाले. त्यांच्या पेटीत मांजरपाटाच्या पट्टीला तीन गाठी मारलेल्या होत्या. प्रत्येक गाठीत एक अशरफी. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. हिशोबाने बहिणीचा वाटा भावाच्या निम्मा, पण दोघा भावांनी राजीखुशीने ठरवले की तिघांना एकेक नाणे द्यायचे. थोरले म्हणून वाटणी आमच्या हातून झाली. काट्यावर तिन्ही नाणी सारखीच भरली, ११ ग्रॅम आणि वर थोडे. त्यातले एक नाणे आकाराने मोठे होते. लाडकी बहीण म्हणून ते मोठे नाणे आम्ही तिला दिले.

आठ वर्षांनी भाचीचे लग्न ठरले तेव्हा बहिणीने ते नाणे सराफाकडे नेले. सराफ म्हणाला, ‘हे चांदीचे आहे, वरून सोन्याचे पाणी दिलेले आहे.’ बहीण काही बोलली नाही. मेहुण्यांनी मात्र एवढेच विचारले, ‘वाटणी कुणी केली होती?’ त्या एका प्रश्नाने आमची रात्रीची झोप गेली. दुसऱ्या दिवशी नाणे भिंगाखाली धरले. त्यावर स्वच्छ अक्षरांत ‘रुपया’ असे लिहिलेले होते. आमचे सगळे शिक्षण उर्दू माध्यमातून झालेले. नाणे आठ वर्षांपूर्वी आमच्याच हातात होते. आम्ही ते तोलले, पण वाचले नाही.

एकाच घरात दोन राज्यांची नाणी

आमच्या हिंगोली भागातील जुन्या घरांत दोन प्रकारची सोन्याची नाणी सापडतात. त्याचे कारण आपल्या इतिहासात आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याला लोक हाली सिक्का म्हणत. इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा भाव बुजुर्गांना तोंडपाठ असे. त्यातच हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची छावणी होती. त्यामुळे येथील बाजाराला दोन्ही राज्यांच्या पैशाची ओळख होती. हाली सिक्का १९५० च्या दशकात चलनातून गेला, पण सोन्याची नाणी पेट्यांत राहिली. निजामाची अशरफी आणि इंग्रजांची सॉव्हरिन, जिला आपण गिन्नी म्हणतो, ही ती दोन नाणी.

पहिले काम : नाणे वाचा

सराफाकडे जाण्याआधी नाणे उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली वाचावे. येथे उर्दू जाणणाऱ्या माणसाला मोठी सोय आहे. जे वाचण्यासाठी इतरांना जाणकार शोधावा लागतो, ते आपल्याला शाळेतच शिकवलेले असते.

निजामाच्या शेवटच्या काळातील अशरफीवर एका बाजूला चारमिनार असतो. त्याच्या कमानीत एक अक्षर असते. मीम असेल तर नाणे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातले, ऐन असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळातले. उस्मान अली खान १९११ मध्ये गादीवर आले. चारमिनारभोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादूर’ हा किताब आणि हिजरी सन असतो. दुसऱ्या बाजूला टांकसाळीचे नाव ‘हैदराबाद फरखुंदा बुनियाद’, जुलूसचे म्हणजे राज्यारोहणापासूनचे वर्ष आणि नाण्याचे मूल्य शब्दांत असते. हे मूल्य सर्वांत आधी वाचावे. अशरफी की रुपया, हे तेथेच कळते.

नाण्यावर ९२ हा आकडा दिसला तर तो सन किंवा किंमत समजू नये. अबजद हिशोबाने ‘मुहम्मद’ या नावाची अक्षरे मिळवली तर ९२ येतात (मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४). आसफजाही नाण्यांवर तो आकडा त्यासाठी असतो.

सन वाचताना दोन ठिकाणी गफलत होते. या आकड्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि पाच म्हणजे गोल, त्यामुळे नवखा माणूस पाचाला शून्य समजतो. सात आणि आठ एकमेकांचे उलटे असतात, म्हणून नाणे उलटे धरले की सन बदलतो. हिजरीचा इसवी सन काढायचा तर हिजरी सनाला ३३ ने भागावे, आलेला भागाकार त्या सनातून वजा करावा आणि ६२२ मिळवावेत. उदाहरणार्थ १३३७ मधून साधारण ४० गेले, राहिले १२९७. त्यात ६२२ मिळवले की १९१९ येते. हिजरी १३३७ हे वर्ष १९१८ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १९१९ च्या सप्टेंबरात संपले. एखाद्या वर्षाचा फरक असा राहतोच.

गिन्नीवर एका बाजूला राजा किंवा राणीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरून अजगराला मारणारा स्वार असतो. पंचम जॉर्जच्या १९१८ च्या गिन्नीवर सनाच्या वर, घोड्याखालच्या जमिनीच्या रेघेवर, इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर दिसले तर ती मुंबईच्या टांकसाळीची. पहिल्या महायुद्धाच्या काळात, त्या एकाच सनाच्या सुमारे १३ लाख गिन्न्या मुंबईत पाडल्या गेल्या.

दुसरे काम : वजन

खिशात मावणारा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आता कोणालाही परवडतो. लक्षात ठेवण्याची वजने अशी :

अशरफी : ११.१८ ग्रॅम, सोने १००० भागांत ९१०.
निम अशरफी : ५.५९ ग्रॅम.
पाव अशरफी : २.७९ ग्रॅम.
गिन्नी : ७.९९ ग्रॅम, २२ कॅरेट, व्यास २२ मिलिमीटर.

झिजलेले नाणे थोडे कमी भरते. जास्त भरले तर मात्र शंका घ्यावी.

आमची फसगत कशी झाली ते आता सांगतो. निजामाचा चांदीचा रुपयाही ११.१८ ग्रॅमचाच असे. म्हणजे रुपयाला सोन्याचे पाणी दिले तर काट्यावर तो अशरफीच भासतो. फरक आकारात आहे. सोने चांदीपेक्षा जड, म्हणून त्याच वजनाची अशरफी लहान असते. ‘मोठी’ म्हणून जी आम्ही प्रेमाने बहिणीला दिली, ती मोठी होती कारण ती चांदीची होती. वालिदांनी किंवा नानींनी कधी तरी हारात ओवण्यासाठी त्या रुपयाला मुलामा दिला असावा. त्यांची नीयत फसवण्याची नव्हती. न पाहता वाटणी केली ती आम्ही.

इंग्रजांचा कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. तेव्हा कुणी अशरफी म्हणून दाखवलेले नाणे नेमके तोळाभर भरले, तर ते निजामाची अशरफी नाही. कंपनी सरकारची मोहोरही तोळ्याची होती, पण तिच्यावर चारमिनार नसतो.

तिसरे काम : पाण्याची परीक्षा

नाण्याला ओरखडा न पडता आतला माल ओळखण्याची ही घरगुती रीत आहे. काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असे लोंबकळत धरावे. ते तळाला किंवा काठाला टेकू नये आणि त्यावर बुडबुडे चिकटू देऊ नयेत. आता काटा जो आकडा दाखवील त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागावे. २२ कॅरेटच्या आसपासच्या सोन्याचे उत्तर साधारण १७ ते १८ येते. चांदीच्या रुपयाचे १० च्या आसपास.

खरी अशरफी पाण्यात सुमारे ०.६४ दाखवते, मुलामा दिलेला हाली रुपया सुमारे १.१०, आणि गिन्नी सुमारे ०.४५. आमच्या बहिणीचे नाणे १.१० वर थांबले. कोरड्या काट्यावर जी दोन नाणी सारखी होती, ती पाण्यात वेगळी झाली. मात्र कडी लावलेल्या किंवा डाग दिलेल्या नाण्यावर ही परीक्षा चोख उतरत नाही, कारण डागाचा माल वेगळा असतो.

मोठ्या सराफांकडे कॅरेट मोजणारे यंत्र असते. ते उपयोगी आहे, पण ते वरचा पातळ थरच वाचते. जाड मुलामा असेल तर तेही फसते. म्हणून यंत्राचा आकडा आणि पाण्याचा आकडा दोन्ही जुळवून पाहावेत.

भिंगातून नाण्याची कडही पाहावी. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ राहते, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि अक्षरे वितळल्यासारखी बोथट दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे झिजली तरी त्यांची मुळे धारदार असतात. कसोटीवर घासणे, कानशीने कड कापणे, तेजाब लावणे, हे सर्व टाळावे. त्या परीक्षेत नाणे खरे ठरते, पण खराब होऊन.

नाणे चमकवू नका

आपल्याकडे सण किंवा लग्न आले की नाणी चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजनाने घासतात. कोऱ्या थानावर कुणी घासणी फिरवली तर आपण त्याला दुकानाबाहेर काढू. सोने कापडापेक्षा टणक वाटते, पण २२ कॅरेटचे सोने मऊ असते. प्रत्येक घासण्यात अक्षराची कड जाते आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी भाव देतो, आणि फार घासले तर ते केवळ मोडीच्या भावाचे उरते. गळ्यात घालण्यासाठी कडी डागणे, भोक पाडणे याचाही परिणाम तोच.

सोने स्वतः काळे पडत नाही. त्यावर दिसणारे तांबूस डाग बहुधा मिश्रणातल्या तांब्याचे किंवा बाहेरून लागलेल्या मळाचे असतात. ते तसेच राहू द्यावेत. चिकट मळच असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून नाणे बुडवावे, स्वच्छ पाण्यातून काढावे आणि मऊ सुती कापडाने टिपावे. पुसू नये, टिपावे.

ठेवण्याची रीत

नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली घडी केलेला टॉवेल अंथरावा, म्हणजे हातातून सुटले तरी इजा होत नाही. प्रत्येक नाणे वेगळे ठेवावे. एका बटव्यात खणखणणारी नाणी एकमेकांना ओरबाडतात.

कापडाचा अनुभव येथे आमच्या कामी आला. रंगीत मखमलीचा रंग ओलीत सुटतो आणि खळ लावलेले कापड दमटपणा धरते. कापडातच ठेवायचे तर धुऊन खळ काढलेला पांढरा मांजरपाट घ्यावा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नयेत. त्या कालांतराने चिकट होऊन डाग पाडतात. नाण्यांसाठी मिळणारी कडक पारदर्शक डबी सर्वांत चांगली. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद दूर ठेवावा. पावसाळ्यात डब्यात ओल शोषणारी पुडी टाकावी आणि ती वेळच्या वेळी बदलावी.

बहीत नोंद करा

दुकानातले प्रत्येक थान आपण बहीत लिहितो, पण घरातले सोने तोंडी हिशोबावर ठेवतो. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, कोरडे वजन, पाण्यातला आकडा, व्यास, वाचलेला मजकूर, सन आणि ते कुणाकडून आले, एवढे एका वहीत लिहावे. वही नाण्यांपासून वेगळी ठेवावी आणि वारसांपैकी दोघांना तरी तिची जागा माहीत असावी. चोरी झाली तर ती पोलिसांना दाखवता येते आणि वाटणीच्या वेळी कुणावर संशय येत नाही. जकातीच्या हिशोबालाही ती लागते : एका अशरफीत सुमारे १०.१७ ग्रॅम आणि गिन्नीत ७.३२ ग्रॅम शुद्ध सोने असते. बाकी तपशील आपल्या आलिमांना विचारावा.

सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९९० मध्येच रद्द झाला. तेव्हा त्या जुन्या भीतीपोटी नोंद टाळू नये. मात्र दोन कायदे ध्यानात ठेवावेत. जमिनीत किंवा भिंतीत पुरलेला ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती परदेशी नेता किंवा पाठवता येत नाहीत, मग घेणारा नातेवाईक का असेना.

आमच्या घरात पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. आमच्या वाट्याची अशरफी आम्ही बहिणीला दिली आणि मेहुण्यांच्या समोर पाण्याची परीक्षा करून दाखवली. त्यांनी काही न बोलता चहा मागवला. तो मुलामा दिलेला रुपया आता आमच्याकडे आहे. मुलांना नाणी दाखवायला बसलो की आधी तोच त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, वाचा.