मळीची जमीन कशी तयार झाली?



उन्हाळा लागला की वीटभट्टीवाले नदीकाठच्या रानातला पोयटा मागायला येतात. रोख पैसा मिळतो, म्हणून आपण होकार देतो. होकार देण्याआधी ही माती आपल्या रानात आली कशी, ते समजून घेऊ.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा याही सह्याद्रीतून येऊन तिला मिळतात. डोंगरात उतार मोठा असल्याने पाण्याला ओढ असते. ते काळ्या कातळाची झीज करून वाळू व माती वाहून आणते. चिकोडी, रायबाग, अथणीकडे उतार कमी होतो, ओढ मंदावते आणि नदी आपले ओझे खाली ठेवू लागते.

पूर पात्राबाहेर पडला की जड वाळू व जाड पोयटा काठाजवळच बसतो, म्हणून काठ थोडा उंच होतो. बारीक चिकणमाती आतल्या सखल भागापर्यंत जाते आणि साचलेल्या पाण्यातून सावकाश खाली बसते. तिचा कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक असतो. घरी पडताळा घ्या. काचेच्या बरणीत ओंजळभर माती व पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाला जाते, तिच्यावर पोयटा बसतो, चिकणमातीने मात्र पाणी बराच वेळ गढूळ राहते. हजारो वर्षे नदीने हेच केले. 2005, 2019 व 2021 च्या महापुरांनी आपली पिके नेली, घरे पाडली. पण आपली मळीही अशाच पुरांनी रचलेली आहे.

यातून चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. काठाजवळच्या हलक्या जमिनीत पाणी लवकर मुरते. तिथे पाणी थोडे पण वरचेवर द्यावे.

2. आतल्या भारी रानात निचरा कमी असतो. उसाला पाटाने भरमसाट पाणी दिले की जमिनीखालचे पाणी वर येते, त्याबरोबर क्षार वर येतात आणि रान क्षारपड होते. पाणी मोजून द्यावे, चर काढावेत.

3. मळीत पाणी उथळ लागते, म्हणून विहिरीत घाणही लवकर उतरते. संडास विहिरीपासून दूर बांधावा. पुरानंतर विहीर उपसून तीत ब्लीचिंग पावडर टाकावी व पाणी उकळून प्यावे.

4. पोयटा विकू नये. पिकाचे बहुतेक अन्न वरच्याच थरात असते. शिवाय आता वरच्या धरणांत बराच गाळ अडतो. म्हणून ट्रॉलीतून गेलेला थर पुढच्या पुरात भरून येईल, या भरवशावर राहू नये.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच होते, जमिनी मात्र निरनिराळ्या होत्या. आपल्या वाट्याला परमेश्वराने चांगली जमीन दिली आहे. ती आपल्या मुलाबाळांच्याही वाट्याची आहे. भट्टीचा पैसा वर्षात संपेल; माती राहिली तर तेही तिच्यावर पेरतील.