एक खिडकी

डोंबिवली हे चाकरमान्यांचे गाव. पहाट फुटण्यापूर्वीच तेथील रेल्वेस्थानकाकडे माणसांची रीघ लागते. कोणाच्या खांद्याला पिशवी असते, कोणाच्या हातात जेवणाचा डबा. मुंबईस पोचावयास तासाहून अधिक वेळ लागतो आणि परत येण्यासही तेवढाच. सायंकाळी घरात पाऊल पडते, तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ लोटलेला असतो. अशा माणसाला घरपट्टी भरावयाची असली किंवा बाळाच्या जन्माचा दाखला हवा असला, तर त्याने काय करावे? सकाळी नगराची कचेरी उघडे, तेव्हा तो मुंबईत पोचलेला असे. सायंकाळी ती बंद होई, तेव्हा तो परतीच्या गाडीतही बसलेला नसे. तेव्हा एका दिवसाची रजा काढणे भाग पडे. रोजंदारीवर काम करणाऱ्याची तर त्या दिवसाची मजुरीच बुडे.

बरे, एका दिवसात काम होईलच, असा भरवसा नसे. अर्ज एका टेबलावर द्यावा, शुल्क दुसऱ्या खिडकीवर भरावे, पावती घेऊन पुन्हा पहिल्या टेबलाशी यावे, असा क्रम असे. तेथील कारकून रजेवर असला, तर त्याच्या कपाटाची किल्लीही त्याच्याबरोबर रजेवर गेलेली असे. ‘उद्या या’ हे दोन शब्द ऐकून माणूस जिना उतरू लागे. उद्या म्हणजे आणखी एक रजा!

यात नेहमीच कारकुनाचा दोष असे, असे मात्र नाही. जन्ममृत्यूची नोंदवही एकच असे आणि ती एकाच कपाटात असे. कराच्या खतावणीचेही तसेच. हजारो घरांची नावे त्या जाड वह्यांतून क्रमाने लिहिलेली असत. एखाद्याने घर विकत घेतले, की जुन्या मालकाच्या नावावर तांबड्या शाईची रेघ मारून वर बारीक अक्षरांत नवे नाव लिहावयाचे, अशी पद्धत होती. तीन-चार वेळा घर विकले गेले, म्हणजे त्या ओळीत मुंगी शिरावयासही जागा उरत नसे. कोणती वही कोठे आहे आणि कोणत्या पानावर काय आहे, हे वर्षानुवर्षे तेथे बसलेल्या एखाद्या वृद्ध लेखनिकालाच ठाऊक असे. तो निवृत्त झाला, की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाई.

कल्याण-डोंबिवलीत हे सारे अधिकच अवघड होऊन बसले होते. कल्याण हे फार प्राचीन बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचा उल्लेख आढळतो. शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची उभारणी याच खाडीकाठी आरंभिली. १८५४ साली आगगाडी कल्याणपर्यंत पोचली, आणि पुढच्याच वर्षी तेथे नगरपालिका स्थापन झाली. त्या काळच्या लहानशा नगराला चार वह्या आणि चार कारकून पुरत असतील. परंतु पुढे मुंबईत घर न परवडणारी माणसे लोहमार्गाच्या कडेने येथे येऊन वसू लागली. शेतांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. १ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण-डोंबिवली महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. एवढ्या माणसांचे जन्म, मृत्यू, घरे आणि नळ जाड वह्यांत सांभाळावयाचे, म्हणजे ओंजळीने विहीर उपसण्यासारखेच होते.

१९९९ साली या महानगरपालिकेने आपला कारभार संगणकावर आणण्याचे काम हाती घेतले. त्या वेळी अनेक कचेऱ्यांत संगणक म्हणजे टंकलेखन यंत्राचा धाकटा भाऊ समजला जाई. पत्रे टंकावयाची, छापावयाची आणि यंत्रावर प्लॅस्टिकचे आच्छादन घालून घरी जावयाचे! येथे मात्र विचार निराळा होता. नोंदवही, पैसे घेणारी खिडकी आणि सही करणारा अधिकारी हे तिन्ही एकमेकांशी संगणकाने जोडावयाचे होते.

वरवर पाहता ही गोष्ट सोपी वाटते. यंत्रे विकत आणावी, तारा जोडाव्या, की झाले! पण खरे काम त्यापूर्वीच करावे लागते. संगणक हा मोठा आज्ञाधारक, पण अत्यंत हट्टी सेवक आहे. त्याला ‘बघू’, ‘नेहमीप्रमाणे करा’, ‘साहेबांना विचारा’ असली उत्तरे समजत नाहीत. पाण्याची नळजोडणी द्यावयाची, तर अर्जदाराने कोणती कागदपत्रे आणावी? अर्ज प्रथम कोणाकडे जावा? त्याने तो किती दिवस ठेवावा? नकार द्यावयाचा, तर कोणत्या कारणासाठी? अशा प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर आधी कागदावर लिहून द्यावे लागते. त्याशिवाय त्याची आज्ञावली तयार होत नाही. वर्षानुवर्षे चालत आलेल्या कामाविषयी हे प्रश्न विचारले गेले, की कचेऱ्यांना आढळून येते की, काही सह्या केवळ प्रथा म्हणून होत असतात, आणि काही कागद मागितले जातात, पण वाचले कोणीच जात नाहीत. यंत्राने कामाला वेग दिला, असे आपण म्हणतो. पण त्यातील पुष्कळसा वेग या प्रश्नांनीच दिलेला असतो.

पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी येथे नागरी सुविधा केंद्र सुरू झाले. नागरिकाने निरनिराळ्या विभागांचे जिने चढण्याचे आता कारण उरले नाही. एकाच दालनात एका खिडकीशी जावे, अर्ज द्यावा, पैसे भरावे आणि संगणकाने छापलेली पावती घ्यावी. प्रभागांची कार्यालयेही मुख्य कार्यालयाशी जोडलेली असल्याने कर भरण्यासाठी कल्याणला जाण्याची गरज राहिली नाही.

त्या पावतीकडे जरा निरखून पाहिले पाहिजे. कागदाचा तो लहानसा तुकडा; पण त्यावर अर्जाचा क्रमांक असतो, तारीख असते आणि काम केव्हा होईल तेही असते. पूर्वी अर्ज हरवला, तर तो दिला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर येऊन पडे. बिचारा शपथा वाही आणि कारकून मान हलवी. आता अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे वरिष्ठ अधिकाऱ्याला आपल्या जागेवरूनच दिसते. अर्जदाराला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. क्रमांक सांगितला म्हणजे पुरे.

संगणकाचे स्वागत सगळीकडे सारख्याच आनंदाने झाले, असे समजू नये. १९८० नंतरच्या दशकात बँकांत संगणक येऊ लागले, तेव्हा नोकऱ्या जातील या भयाने कर्मचाऱ्यांनी देशभर विरोध केला होता. ते भय पुढेही अनेकांच्या मनात घर करून होते. ज्या हातांनी तीस वर्षे टाक आणि लेखणी चालवली, त्यांना कळफलकावर अक्षर शोधावयास सांगणे सोपे नव्हते. परंतु जुन्या वह्यांतील नोंदी यंत्रात भरावयाच्या, तर ती अक्षरे वाचू शकणारी माणसे तीच होती. त्यांच्यावाचून यंत्र निरक्षरच राहिले असते.

याच ठिकाणी मराठी भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो मोठा मनोरंजक आहे. ‘शिरीष’ हे नाव एका वहीत ‘शिरिष’ असे लिहिलेले असले, तरी कारकुनाला ते समजे. ‘पाटील’चे ‘पाटिल’ झाले, तरी तो मनुष्य ओळखी. संगणकाला मात्र ऱ्हस्व-दीर्घाची क्षमा ठाऊक नाही. त्याच्या दृष्टीने शिरीष आणि शिरिष ही दोन वेगळी माणसे! शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा बेपत्ता होतो. वर्गात वेलांटी चुकली, तर एखादा गुण जातो. नोंदवहीत चुकली, तर शाळेचा दाखला एका नावाचा आणि जन्माचा दाखला दुसऱ्याच नावाचा होऊन बसतो, आणि मग त्या दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते.

अक्षरांचीही एक अडचण होती. आरंभीच्या काळात मराठी अक्षरांसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे टंक वापरीत. एका यंत्रावर सुबक मराठीत लिहिलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले, की त्या जागी निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसे. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी पुष्कळ काम केले. पुढे जगातील सर्व लिप्यांना ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती रूढ झाली. तिच्यात ‘क’ या अक्षराचा क्रमांक कल्याणच्या यंत्रात जो, तोच लंडनच्या यंत्रात. त्यामुळे येथे लिहिलेले नाव कोठेही तसेच वाचता येते.

कल्याण-डोंबिवलीचा हा प्रयोग पाहून राज्यातील इतर नगरांतही त्याच धर्तीवर संगणकीकरण करण्याचे शासनाने ठरवले. काही ठिकाणी काम चांगले झाले, काही ठिकाणी रखडले. मग २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, आणि न मिळाल्यास दाद कोणाकडे मागावी, याचा फलक प्रत्येक कचेरीत लावणे त्याने बंधनकारक केले. योग्य कारणावाचून विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. पावतीवरच्या तारखेच्या पाठीशी अशा रीतीने कायदा उभा राहिला. २०२० साली करोनाच्या साथीत माणसांना घराबाहेर पडणेच अशक्य झाले, तेव्हा कित्येकांनी प्रथमच घरबसल्या भ्रमणध्वनीवरून कर भरला आणि पुढे तीच सवय ठेवली.

तरीही यंत्राचे कौतुक बेताने करावे. ‘उद्या या’ ऐवजी ‘सर्व्हर बंद आहे’ असे ऐकावयास मिळाले, तर नागरिकाच्या पदरी हेलपाटाच येतो. केवळ शब्द तेवढे नवे. रस्त्यातील खड्ड्याची तक्रार भ्रमणध्वनीवरून क्षणात नोंदवता येते आणि क्रमांकही तत्काळ मिळतो. खड्डा बुजवावयास मात्र खडी, डांबर आणि घाम गाळणारी माणसेच लागतात. शिवाय सर्वांच्याच हाती असा भ्रमणध्वनी नसतो, आणि असला तरी सर्वांना तो वापरता येतोच असे नाही. घरकाम करणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, दृष्टी अधू झालेले आजोबा यांच्यासाठी खिडकी उघडीच राहावी लागते. केवळ संगणकावरच अर्ज घेतले, तर ज्यांना दाखल्याची गरज सर्वांत अधिक, तेच दाराबाहेर राहतील.

आणि ही गरज आता पूर्वीपेक्षा वाढली आहे. १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्म झाल्यापासून एकवीस दिवसांच्या आत त्याची माहिती द्यावी लागते. २०२३ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३ पासून, जन्मलेल्या प्रत्येक बालकाला शाळेत प्रवेश घेताना आणि पुढे मतदारयादीत नाव घालतानाही जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच दाखवावा लागेल. एका खिडकीशी, घाईच्या वेळी, कोणीतरी टंकलेली ती एक ओळ जन्मभर त्या मुलाच्या पुढे चालणार आहे.

अशा एखाद्या खिडकीशी एक आजी नातीला घेऊन उभी आहे, अशी कल्पना करावी. घरात नवे बाळ आले आहे आणि त्याचे नाव नोंदवावयाचे आहे. आजीला वाचता येत नाही. कारकून नाव टंकतो आणि मागच्या रांगेकडे दृष्टी टाकून छापण्याची आज्ञा देणार, तोच थांबतो. तो पडदा काचेकडे वळवतो.

“आजी, एकदा पाहून घ्या. छापल्यावर बदलणे अवघड.”

आजी नातीला पुढे करते. सहावीतील ती मुलगी टाचा उंचावते आणि बोटाने एकेक अक्षर पुसत असल्यासारखी वाचू लागते.

“काका, माझ्या भावाचे नाव ‘सुनीत’ आहे. नीला दुसरी वेलांटी हवी. तुम्ही पहिली दिली आहे.”

रांगेतील दोघेतिघे हसतात. कारकूनही हसतो, वेलांटी बदलतो आणि तिला पुन्हा एकदा वाचावयास सांगतो. या वेळी बाळाच्या आईचे नावही. मग यंत्र घरघरू लागते. आजी दाखल्याची चौपदरी घडी घालते, ती पदराच्या टोकात ठेवते आणि त्यावर घट्ट गाठ मारते.