आठवड्याचे १६८ तास

सातारा

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

यंदा गणपतीला येत नाहीस, हे तुझ्या आईकडून कळलं. सबमिशन, मिनी प्रोजेक्ट, क्लबचा इव्हेंट, इंटर्नशिपची शोधाशोध आणि वर रोजचे कोडिंगचे प्रश्न अशी यादीच तिने वाचून दाखवली. यादी खोटी नाही. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष जड असतं. कॉलेजात शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे पहाटे उठ, टाइमटेबल लाव असली चार वाक्यं लिहून मी मोकळी होणार नाही. आधी हिशेब मांडू.

नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याचे ३० तास धरले आहेत. वर्गातले तास, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, परीक्षेची तयारी सगळं त्यातच. वर्षाला ४० क्रेडिट, म्हणजे १२०० तास. एका सत्राचे ६०० झाले, आणि सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला ४०. आता आठवड्याच्या १६८ तासांतून झोपेचे ५६ आणि अभ्यासाचे हे ४० वजा कर. आंघोळ, कपडे, मेसची रांग, बसचा प्रवास यांना रोजचे चार तास दे. तरी ४४ उरतात. हा कागदावरचा हिशेब झाला. सबमिशनच्या आठवड्यात तो कोलमडतो, हे मला ठाऊक आहे. पण एरवीच्या आठवड्यातही तुला श्वास घ्यायला फुरसत नसते, तेव्हा हे ४४ तास जातात कुठे?

गेल्या दिवाळीत मला त्याचं उत्तर दिसलं. मांडीवर लॅपटॉप, त्यावर दुप्पट वेगाने चाललेलं लेक्चर, हातात फोन आणि फोनवर क्लबच्या ग्रुपमध्ये पोस्टरच्या रंगावरून वाद. शेजारी आजी करंज्यांना मुरड घालता घालता तुला काहीबाही विचारत होती आणि तू नुसतं ‘हं’ म्हणत होतीस. दिवेलागणीला लेक्चर संपलेलं नव्हतं, पोस्टर ठरलेलं नव्हतं आणि आजीने काय विचारलं ते तुला सांगता येत नव्हतं. दमली मात्र होतीस, आणि खरोखरच दमली होतीस. तो थकवा अभ्यासाचा नव्हता, अर्धवट टाकलेल्या कामांचा होता. सोफी लरॉय नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं यावरच लिहिलं आहे: एक काम अपुरं टाकून दुसऱ्याला हात घातला की मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरंही धड होत नाही. तुझं तर विश्रांतीतही तेच होतं. रील बघताना अभ्यास टोचतो आणि अभ्यासाला बसलीस की रील खुणावतात. ना धड काम, ना धड आराम.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे, पण तुला सांगायला हरकत नाही. बिझी असण्याला आता एक रुबाब आला आहे. १८९९ मध्ये व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने श्रीमंती ओळखायची खूण सांगितली ती रिकामटेकडेपणाची. २०१७ मध्ये बेलेझा आणि तिच्या सहकाऱ्यांना अमेरिकेत बरोबर उलटं आढळलं: सतत कामात बुडालेला माणूस लोकांना वरच्या पायरीवरचा वाटतो. इटलीत मात्र अजूनही निवांत माणसालाच मान. म्हणजे व्यग्रतेला भाव आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या गावावर ठरतं. तुमच्या होस्टेलात तो भलताच चढला आहे. ‘काल किती वाजता झोपलीस?’ ‘चारला.’ ‘मी तर नाइटच मारली.’ या बोलण्यात कोण काय शिकलं, हे कुठेच येत नाही. आणि आठ तास झोपून पेपर नीट सोडवणारी मुलगी तिथे गप्प बसते, कारण ते सांगणं आगाऊपणाचं दिसतं. मग तुला वाटतं, सगळेच जागतात.

खरोखर वेळ नसलेली मुलं कशी असतात, हे साताऱ्याला माहीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९४७ मध्ये इथे छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं आणि ‘कमवा आणि शिका’ ही रीत घालून दिली. तुमच्या पुण्याच्या विद्यापीठातही त्या नावाची योजना आहे. वर्गाबाहेरचे तास मजुरीला देऊन शिकणाऱ्या त्या मुलांच्या हिशेबात ते ४४ तास नसतातच. कामाचा आणि आयुष्याचा तोल साधा, असं त्यांना सांगणं म्हणजे चेष्टा आहे. त्यांना फीची सवलत हवी असते आणि समजूतदार सोबती. तुमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असं कोणी असेल तर मीटिंग त्याच्या वेळेने ठेवा.

आता तू काय करायचंस? एक, अभ्यासाला बसण्याआधी तो कुठे संपणार, ते लिही. ‘डेटा स्ट्रक्चर वाचणे’ याला शेवट नाही. ‘लिंक्ड लिस्टचे तीन प्रोग्रॅम न बघता लिहून चालवणे’ याला आहे. ते झालं की लॅपटॉप मिटायचा आणि नंतरचा वेळ बिनधास्त स्वतःचा म्हणायचा.

दोन, स्वतःच्या अंदाजावर विसंबू नकोस. १९९४ मध्ये छापून आलेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल, ते विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता, लागले ५५हून जास्त. म्हणून या वेळी किती लागेल, असा विचार करण्यापेक्षा मागच्या वेळी किती लागले ते आठव आणि तेवढे धर.

तीन, एक गोष्ट सोड. सीव्हीवर एक ओळ वाढेल एवढ्याचसाठी धरून ठेवलेलं काहीतरी तुझ्या यादीत नक्की आहे. मुलाखतीत त्या ओळीवर दोन प्रश्न आले की आपलं उथळ पाणी दिसतंच. क्लब आवडत असेल तर क्लब ठेव आणि दुसरं काही सोड, पण आवडतंय म्हणून ठेव.

आणि हे सगळं करूनही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर तो वेळेच्या नियोजनाचा प्रश्न राहत नाही. तेव्हा मला अपरात्री उठवलंस तरी चालेल. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवाही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

गणपतीला आली नाहीस म्हणून कोणी रागावलेलं नाही. पण हे सत्र संपायच्या आत काय सोडलंस ते मला कळव. काय काय केलंस ते सांगायला रिझल्ट आहेच.

कळावे,
तुझी मावशी