मातीचे सैन्य

गोदावरीच्या उत्तरेस, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री नावाचे गाव आहे. धुळ्याहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता या गावावरून जातो व पुढे शहागडजवळ गोदावरी ओलांडतो. भोवतालची जमीन काळी. पावसाळ्यात पायाला चिकटणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. श्रावण सरत आला, पोळा तोंडावर आला, की या भागातील मुले चिकणमाती आणून तिचे बैल घडवू लागतात. कुंभाराकडचे सुबक बैल विकत मिळतात. परंतु स्वतः घडविलेल्या बैलाचा अभिमान काही वेगळाच! त्याचे एक शिंग लांब, दुसरे आखूड. पाय जाड, पाठ वाकलेली. तो न पडता उभा राहिला, हेच पुष्कळ.

अशाच ओबडधोबड खेळण्यांनी एकदा एका नगराचे रक्षण केले, अशी कथा याच नदीच्या काठी फार पूर्वीपासून सांगितली जाते. वडीगोद्रीहून पश्चिमेस, प्रवाहाच्या वरच्या अंगास गेले म्हणजे पैठण लागते. त्याचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरी नावाचे एक जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी ‘विविधतीर्थकल्प’ या आपल्या ग्रंथात प्रतिष्ठानाची ही कथा लिहून ठेवली आहे. कथेचा नायक सातवाहन. लोकांच्या तोंडी तोच शालिवाहन झाला.

परदेशाहून दोन ब्राह्मण बंधू आपल्या विधवा बहिणीस घेऊन प्रतिष्ठानास आले आणि एका कुंभाराच्या पडवीत राहिले. दोघे भाऊ दिवसभर भिक्षा मागत. बहीण पाणी भरी व स्वयंपाक करी. गोदावरीच्या एका खोल डोहात नागराज शेषाचा निवास होता. एके दिवशी पाण्यास आलेल्या त्या स्त्रीला पाहून त्याने मनुष्यरूप घेतले व तिला वरले. जाताना त्याने तिला वचन दिले, “संकट आले तर माझे स्मरण कर. मी येईन.”

पुढे तिला दिवस गेले. भावांना यातले काही ठाऊक नव्हते. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय आला आणि एकमेकांना न विचारता दोघेही तिला सोडून निघून गेले. ती एकटी, परक्या नगरात! लोकांच्या घरी कामे करून तिने दिवस काढले. यथाकाल तिला मुलगा झाला. कुंभाराच्या चाकाशेजारी तो रांगला, भट्टीच्या धुरात वाढला, आणि माती हेच त्याचे खेळणे झाले.

मुलगा मोठा होऊ लागला तसा त्याचा एक खेळ नगरात प्रसिद्ध झाला. तो राजा व्हायचा. बरोबरीच्या मुलांना प्रधान, सेनापती, कोतवाल नेमायचा आणि दरबार भरवून प्रत्येकाला वाहन बक्षीस द्यायचा. कोणाला हत्ती, कोणाला घोडा, कोणाला रथ; सगळी अर्थातच मातीची. त्याच्या नावाचा अर्थ जिनप्रभसूरींनी यावरूनच लावला आहे: ज्याने वाहने दिली तो सातवाहन. ही व्युत्पत्ती आजच्या अभ्यासकांना पटण्यासारखी नाही. परंतु मुलाचा स्वभाव तिच्यात नेमका उतरला आहे. ज्याच्या घरी दुसऱ्या वेळेच्या जेवणाची खात्री नाही, तो हत्ती वाटत सुटला होता!

अशा खेळात एरवी वावगे काही नसते. येथे मात्र त्यात धोका होता. त्या काळी अवंती देशात विक्रम राजा राज्य करीत होता, आणि प्रतिष्ठानात सातवाहन नावाचा राजा होईल असे भविष्य त्याच्या कानी आले होते. सिंहासनाचा लोभ असणाऱ्या राजाला असले भविष्य झोप येऊ देत नाही. दूर दक्षिणेत एक पोर भर रस्त्यात राजा होऊन बसतो आणि लोक कौतुकाने पाहतात, ही वार्ता कधी ना कधी उज्जयिनीस पोहोचणारच होती. मुलाला याची पर्वा नव्हती.

ती वार्ता पोहोचली ती अशी. अवंतीत एक वृद्ध मरण पावला. त्याने आपल्या चार मुलांना सांगितले होते, की माझ्या पलंगाच्या चार पायांखाली चार कलश पुरले आहेत. थोरल्यापासून क्रमाने एकेक घ्या. मुलांनी जमीन खणली. पहिल्या कलशात सोने निघाले, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भुसा आणि चौथ्यात हाडे. थोरला खूश झाला. बाकीचे तिघे चिडले. न्याय मागत ते गावोगाव फिरले, पण उलगडा कोणालाच होईना. फिरत फिरत ते प्रतिष्ठानास आले. तेथे कुंभारवाड्यापाशी एक मुलगा दरबार भरवून बसला होता. त्याने मोठ्या ऐटीने त्यांची फिर्याद ऐकली आणि क्षणात निवाडा दिला. ज्याला सोने मिळाले त्याने रोकड घ्यावी; काळी माती मिळाली त्याने शेते; भुसा मिळाला त्याने कोठारातले धान्य; हाडे मिळाली त्याने गुरेढोरे व घोडे. चौघांनी हिशेब करून पाहिला, तो वाटण्या सारख्याच भरल्या. वडिलांच्या मनातले त्यांना एका पोराने समजावून दिले होते.

भाऊ समाधानाने परत गेले आणि त्यांनी हा निवाडा अवंतीत सर्वांना सांगितला. विक्रमाने ओळखले, की भविष्यातला सातवाहन तो हाच. तो सैन्य घेऊन निघाला.

कथेचा खरा कसोटीचा प्रसंग येथून पुढे आहे. वेढा पडला तेव्हा नगराचे रक्षण करील असा कोणीच उरला नव्हता. समोर अवंतीचे चतुरंग सैन्य, आणि इकडे मिसरूडही न फुटलेला एक मुलगा, ज्याचे प्रधान आणि सेनापती हाक ऐकताच आपापल्या आयांच्या पदराआड लपण्याच्या वयाचे. मुलाच्या खेळापायी सारे नगर संकटात आले होते. त्याला ते कळले असेल का? कथा त्याच्या मनातले काही सांगत नाही. ती सांगते त्याच्या आईचे. जिला भावांनी टाकले, जिने इतकी वर्षे कोणापुढे हात पसरला नाही, तिने त्या दिवशी नदीकाठी जाऊन नागराजाचे स्मरण केले.

शेष आला. तो प्रत्यक्ष रणात उतरला असता तर विक्रमाच्या सैन्याचा निभाव लागला नसता. पण सारी पृथ्वी ज्याच्या मस्तकावर आहे असे पुराणे सांगतात, त्याने युद्धासाठी मान हलविली तर पृथ्वीचे काय व्हावे! कारण काही असो, तो स्वतः लढला नाही. त्याने अमृताचा एक कुंभ आईच्या स्वाधीन केला आणि ते अमृत मुलाच्या खेळण्यांवर शिंपडण्यास सांगितले.

खेळणी पडवीत पडली होती. अमृताचे थेंब पडताच मातीच्या घोड्यांनी कान हलविले, मातीच्या हत्तींनी सोंडा उचलल्या, मातीचे शिपाई उठून उभे राहिले. हे सैन्य दिसायला कसे होते, याचे वर्णन कथेत नाही. पोळ्याचे बैल ज्याने पाहिले आहेत त्याला ते सांगावेही लागत नाही. कोणी घोडा तीन पायांवर ठेचकाळत निघाला असेल. एखाद्या शिपायाची तलवार त्याच्या हाताहून जाड असेल. रथाची दोन चाके दोन आकारांची असल्यामुळे रथ पुढे न जाता गोल फिरला असेल. घडविणाऱ्याच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या सगळ्या जिवंत होऊन रणांगणावर गेल्या. तरीही ते सैन्य लढले; विक्रमाचा पराभव झाला आणि तो अवंतीस पळून गेला. सातवाहन प्रतिष्ठानाचा राजा झाला.

मातीला प्राण आल्याच्या कथा इतर देशांतही आहेत. युरोपातील प्राग या नगरात ज्यू लोकांची अशी दंतकथा आहे, की सोळाव्या शतकात तेथील एका विद्वान धर्मगुरूने आपल्या लोकांच्या रक्षणासाठी मातीचा एक प्रचंड पुरुष घडविला. त्याला ते गोलेम म्हणत. तो बलवान होता, पण त्याला समज नव्हती. चीनमध्ये शिआन शहराजवळ 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीचे योद्धे सापडले. सुमारे 2,200 वर्षांपूर्वी मरण पावलेल्या सम्राटाच्या रक्षणासाठी पुरलेले ते सैन्य हजारोंच्या संख्येने आहे. कसबी कारागिरांनी ते घडविले असून प्रत्येकाचा चेहरा निराळा आहे. पैठणच्या कथेतले सैन्य मात्र एका मुलाने खेळता खेळता केलेले, आणि त्याचा गोडवा त्यातच आहे.

ही कथा इतिहास नव्हे, हे उघड आहे. आणि ते सिद्ध करण्यास एक साधी वजाबाकी पुरते. विक्रम संवताचा आरंभ इ. स. पूर्व 57 मध्ये झाला, तर शालिवाहन शकाचा इ. स. 78 मध्ये. दोहोंत 135 वर्षांचे अंतर पडते. या दोन कालगणना ज्यांच्या नावांनी चालतात ते दोन राजे समोरासमोर लढले म्हणावे, तर विक्रमाला रणांगणावर पालखीतूनच आणावे लागले असते! शिवाय ‘शालिवाहन’ हे नाव या शकाला चिकटले तेच मुळी शक सुरू होऊन हजाराहून अधिक वर्षे लोटल्यावर. तो शक खरोखर कोणी सुरू केला, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. भारत सरकारने 22 मार्च 1957 रोजी, म्हणजे 1 चैत्र शके 1879 या दिवशी, जी राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिच्यात हाच शक घेतलेला आहे.

मग कथेत खरे असे काहीच नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. सातवाहन नावाचे राजघराणे दख्खनमध्ये सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी राज्य करीत होते आणि पैठण ही त्यांची राजधानी होती. दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने पैठणचा आणि तेथील राजा पुळुमावी याचा उल्लेख केला आहे. त्याच्याही आधीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले असून तेथून गाड्या भरभरून रंगीत मौल्यवान दगड जात, अशी नोंद आहे. या घराण्यातील पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपान या क्षत्रपाचा पराभव केला. त्याचा पुरावा जमिनीतूनच मिळाला. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील पुष्कळ नाणी नहपानाची असून त्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. उत्तरेकडून आलेल्या प्रबळ शत्रूला पैठणच्या राजाने हटविले, ही आठवण लोकांनी कथेत जपली असावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही या राजांची नावे आईच्या नावावरून आलेली आहेत. नाशिकच्या लेण्यातील एका कोरीव लेखात गौतमी बलश्री या राजमातेने आपल्या पुत्राची थोरवी वर्णिली आहे. कथेतल्या सातवाहनालाही लोकांना दाखविता येईल असा बाप नाही. आहे ती आईच. तिनेच नागराजाला हाक मारली आणि अमृताचा कुंभ तिच्याच हाती आला.

मातीच्या खेळण्यांचीही साक्ष मिळते. पैठण व धाराशिव जिल्ह्यातील तेर या दोन्ही ठिकाणी सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती सापडल्या आहेत. पांढऱ्या बारीक मातीचे पुढचे व मागचे असे दोन भाग वेगवेगळ्या साच्यांत काढून, ते जोडून, आतून पोकळ मूर्ती करण्याची कला त्या कुंभारांना अवगत होती. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात अशा मूर्ती पाहावयास मिळतात. ज्या नगरातले कुंभार इतके निष्णात, त्या नगराचा राजा कुंभाराच्या घरी वाढला असे लोकांना वाटले, यात नवल नाही.

पैठणची नदी आता पूर्वीसारखी राहिली नाही. 1965 मध्ये पायाभरणी झालेले जायकवाडीचे धरण 1976 मध्ये राष्ट्राला अर्पण झाले. त्याच्या मागे नाथसागराचे पाणी पसरले आहे आणि डाव्या कालव्याने ते अंबड तालुक्याच्या शेतांपर्यंत येते. त्याच पाण्यात कालवलेल्या मातीचे बैल आजही पोळ्याला उभे राहतात.

कथेच्या शेवटी सातवाहनाने तापी नदीपर्यंतचा प्रदेश जिंकला, असे सांगितले आहे. तो तापी ओलांडून पलीकडे का गेला नाही, याचे कारण ग्रंथात दिलेले नाही. मात्र ही कथा मुलांना सांगितली, की त्यांतले एखादे तरी लगेच विचारते: मातीचे हत्ती नदीत उतरतील कसे?

स्वाध्याय

1. चार कलशांचा निवाडा सातवाहनाने कसा केला, ते सांगा. तुम्हांला तो योग्य वाटतो का?

2. नागराज शेषाने स्वतः न लढता खेळण्यांना प्राण दिले. तो स्वतः लढला असता तर कथेत कोणता फरक पडला असता, ते लिहा.

3. ही कथा जशीच्या तशी इतिहास का मानता येत नाही? पाठातील सनांच्या आधारे दाखवा.

4. तुमच्या गावात पोळ्याचे मातीचे बैल कोण करतो, माती कोठून आणतात व ती कशी मळतात, याची माहिती घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.